उप्पू दिब्ब्यावरची गर्दी

तारामती बिरादार यांना पक्ष्यांची नावं कळायच्या कितीतरी आधी पक्षी मोजता येत होते. त्यांच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा क्रम असा उलटा होता. नोकरी आधी लागली, बी.ए. नंतर झालं. लग्न व्हायच्या वयात घरची जबाबदारी आली आणि जबाबदारी संपली तेव्हा लग्नाचं वय राहिलं नाही. याबद्दल त्या कधी तक्रार करत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, “गाडी ज्या रुळावर घातली त्या रुळावर चालते.”

रुळांची भाषा त्यांच्या तोंडी येणं साहजिक होतं. वडील उदगीरकडचे शेतकरी. पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत गाव सोडून ते हैदराबादेत आले, काचीगुड्याला एका भुसार दुकानात कामाला राहिले आणि बरकतपुऱ्यात दोन खोल्या बांधून वारले. तारामती तेव्हा मॅट्रिक झाल्या होत्या. सिकंदराबादला रेल्वेत कारकुनीची जागा निघाली आणि त्या मालडब्यांच्या हिशेबाला लागल्या. कुठल्या यार्डात किती डबे उभे आहेत, किती भरलेले, किती रिकामे, हे रोज ठराविक वेळी फोनवरून गोळा करायचं आणि तक्त्यात भरायचं. या कामाचा एक पक्का नियम होता. मोजायचे ते उभे डबे. चालत्या गाडीतले डबे आपले नाहीत. ते जिथं जाऊन थांबतील त्या यार्डाच्या खात्यात पडतात. नाहीतर एकच डबा दोन ठिकाणी मोजला जातो आणि हिशेब कधीच जुळत नाही.

सत्तरच्या दशकात दोन वर्षं त्यांची बदली काकिनाड्याच्या बंदरात झाली. तिथं दुपारचा डबा खायला त्या धक्क्यावर बसत. ओहोटीला समोर मैलभर चिखल उघडा पडे आणि त्या चिखलावर काहीतरी हलत असे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, चिखलच हलतोय. नीट पाहिलं तर ते पक्षी होते, मुठीएवढे, करड्या रंगाचे, हजारोंनी. दुसरं कुणी असतं तर त्यांचं नाव विचारलं असतं. तारामतींनी हात लांब केला, अंगठा उभा धरला, अंगठ्यानं झाकले जाणारे पक्षी मोजले, ते साधारण पन्नास भरले, आणि मग अंगठा एकेक घर सरकवत चिखलाच्या टोकापर्यंत गेल्या. लांबच्या यार्डातले डबे त्या असेच मोजत. नावं पुढं बंदरातल्या एका इंजिनिअरनं सांगितली आणि दुर्बीणही त्यानंच दिली. तुतारी, चिखल्या, लांब वाकड्या चोचीचा कोरल, सरळ चोचीचा पाणटिवळा. सैबेरियातून निघतात, थंडीभर इथं राहतात, एप्रिलात परत जातात.

बदली संपून त्या हैदराबादला परतल्या, पण दर हिवाळ्यात काकिनाड्याला जायच्या थांबल्या नाहीत. रेल्वेच्या माणसाला वर्षाला फुकट प्रवासाचे पास मिळतात. ऑफिसातले लोक त्यावर तिरुपतीला जात, लग्नांना जात. “दुनिया पासावर काशीला जायलीय,” त्यांची आई शेजारणींना सांगे, “आन् ही चिखल बघायला जायलीय.” आई गेली. पास चालू राहिले.

जायचं ते एकाच ठिकाणी. काकिनाड्याहून तासाभराची बस, पुढं खाडीतून होडी. दोन्ही बाजूंना खारफुटीचं जंगल, चिखलातून वर आलेली बोटं बोटं मुळं, आणि त्याच्या पाठीमागं एकाएकी उघडं पडणारं एक टक्कल. तिथं पूर्वी कुणीतरी मीठ पिकवत असे, म्हणून गावातले लोक त्याला उप्पू दिब्बा म्हणत, मिठाचा उंचवटा. उंची फार तर पुरुषभर. पण पुनवेच्या आणि अवसेच्या भरतीला खाडीकाठचा सगळा चिखल पाण्याखाली जातो तेव्हा एवढीच जागा कोरडी राहते. चिखलात चरणारे पक्षी पोहू शकत नाहीत. पाणी चढलं की ते उडून दिब्ब्यावर येतात, एका पायावर उभे राहतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. मोजायला तीच वेळ. उभे डबे.

१९९४ च्या जानेवारीत त्यांच्याबरोबर सुधीर होता. पुण्याचा मुलगा, तारनाक्याला राहायचा, सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि शहरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या मंडळाचा चिटणीस होता. होडी सूरिबाबूची. तो गेली बारा वर्षं त्यांना नेत-आणत होता. या खेपेला तो किनाऱ्यावर नव्या मोपेडवर बसून वाट बघत होता.

“लग्न केलंस की काय रे दुसरं?” तारामतींनी तेलुगूत विचारलं.

“एकीलाच पेट्रोल पुरत नाही, अम्मा,” तो म्हणाला. घराशेजारची जमीन त्यानं कोळंबीच्या तळ्यासाठी भाड्यानं दिली होती. सगळ्यांनीच दिली होती.

खाडीत शिरल्यावर लांबून धप् धप् आवाज येऊ लागले. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

“कुणाची वरात आहे का?” सुधीर म्हणाला.

“रोय्यल चेरुवु, सार. कोळंबीची तळी. पक्षी हाकलायला फटाके लावतात.”

सुधीरनं मान डोलावली आणि कॅमेऱ्याचं भिंग पुसलं. तारामतींनी भरतीची वेळ घड्याळात पाहिली. फटाक्यांविषयी आणखी काही बोलणं झालं नाही.

दिब्बा दिसला तेव्हा तो दिसलाच नाही. जमीन झाकून गेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्षी, आणि मध्ये बोट घालायला जागा नाही. कोरल, पाणटिवळे, चिखल्या एरवी आपापल्या घोळक्यानं अंतर ठेवून उभे राहतात. त्या दिवशी सगळे एकात एक घुसले होते. कडेचे पक्षी घोटाभर पाण्यात उभे होते आणि आत सरकायला बघत होते. तारामतींनी तीनदा मोजलं. आजवर सगळ्यात चांगल्या वर्षी नऊ हजार भरले होते. तिन्ही वेळा आकडा वीस हजारांच्या वर गेला.

“बाई,” सुधीर कुजबुजला, “जवळ जाऊन बघू या का? उडतील का?”

ते गेले. पक्षी उडाले नाहीत. पन्नास पावलांवर उडाले नाहीत, वीस पावलांवर उडाले नाहीत. कडेचे थोडे चालत बाजूला झाले आणि पुन्हा डोळे मिटून उभे राहिले. सुधीरनं गुडघ्यावर बसून अख्खा रोल संपवला.

“घाबरत नाहीत ना आपल्याला!” तो म्हणाला. “ओळखायला लागले तुम्हाला.”

तारामती हसल्या. वीस वर्षांत एकाही पक्ष्यानं त्यांना इतक्या जवळून पाहू दिलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की परतताना त्यांनी सूरिबाबूला त्याच्या बायकोसाठी आणलेल्या बांगड्यांबरोबर स्वतःची छत्रीही देऊन टाकली.

मंडळाच्या पत्रिकेत बातमी आली: उप्पू दिब्ब्यावर पक्षी दुपटीहून अधिक. खाली तारामतींचं टिपण आणि सही. एका इंग्रजी दैनिकानं त्यातल्या चार ओळी छापल्या. छापलेलं नाव पाहायची त्यांची ही पहिली वेळ. त्यांचा भाचा ओमकार त्या दिवशी उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आला. भावाचा मुलगा, उदगीरहून कॉलेजसाठी आला आणि त्यांच्याकडेच राहिला. हिमायतनगरातल्या एका कोळंबी कंपनीत चिकटून त्याला आठ महिने झाले होते. टाय बांधायला तो आरशासमोर बराच वेळ घ्यायचा.

“आत्या, तू तर फेमस झालीस की! दोन कापी दे मला. आमच्या सायबाला दाखवतो.”

“तुझ्या सायबाला पाखरांचं काय करायचंय?”

“आमचं नवं काम तिकडंच निघायलंय की, तुझ्या काकिनाड्याकडं. खूश होईल बुढ्ढा.”

तारामतींनी दोन प्रती दिल्या. तिसरी त्यांनी आईच्या फोटोमागं सारून ठेवली.

पुढचा महिनाभर त्या चांगल्या मनःस्थितीत होत्या, असं त्यांच्याबरोबर काम करणारे सांगतात. मग एका सकाळी शेजारच्या टेबलावरची राणी, नोकरीला नुकतीच लागलेली मुलगी, फोन ठेवून म्हणाली, “बाई, आज मजा आहे. खालच्या यार्डात डबेच डबे. रोजच्या दुपटीनं. धंदा जोरात दिसतोय.”

“धंदा कसला,” तारामती तक्त्यात लिहिता लिहिता म्हणाल्या. “पुढं लाईन बंद असंल. विचार त्यांना, कुठं तुंबलंय.”

राणीनं पुन्हा फोन लावला. पुढच्या स्टेशनाजवळ एक गाडी रुळावरून उतरली होती. पहाटेपासून लाईन बंद होती आणि मागून येणारी प्रत्येक गाडी त्या एका यार्डात येऊन उभी राहत होती.

“बरोबर बोललात बाई!” राणी म्हणाली, आणि मग, “बाई?”

तारामतींचा हात तक्त्यावर थांबला होता. शाईचा ठिपका रकान्याबाहेर पसरला, तरी त्यांनी पेन उचललं नाही. तीस वर्षं त्या यार्डांचे आकडे वाचत होत्या. भरलेलं यार्ड म्हणजे अडलेली लाईन, हे त्यांना विचार करावा लागत नसे. जानेवारीत मात्र त्यांनी भरलेला दिब्बा पाहिला, तीनदा मोजला आणि खुशीत छत्री देऊन टाकली.

सुधीरला त्यांनी त्याच संध्याकाळी गाठलं. त्यांचं ऐकून त्यानं पत्रिकेतलं टिपण पुन्हा वाचलं. मग म्हणाला, “शक्य आहे. पण बाई, आकडा खरा आहे. खरा आकडा मागे कसा घेणार? त्याचा अर्थ वेगळा लागतो, एवढं पुढच्या अंकात लिहू.”

“पुढचा अंक कधी?”

“मे.”

ओमकारला त्यांनी घरी विचारलं. तो जेवायला बसला होता. भाकरीचा तुकडा हातात धरून त्यानं सांगितलं, कंपनीनं जागा नक्की केली आहे. खाडी जवळ, पण भरतीत बुडत नाही, अशी एवढी मोठी सलग जागा त्या भागात एकच उरली होती.

“दिब्बा,” तारामती म्हणाल्या.

“हौ. मार्चमध्ये गावात सुनावणी हाय. हरकती घ्यायला. म्हणून तर सायब खूश झाला न तुझ्या कागदावर.”

“तो कागद परत आण.”

“आता? फायलीला लागला तो.” त्यानं पाण्याचा घोट घेतला. “आकडा खोटा हाय का आत्या?”

“खोटा नाही.”

“मग? मोजलंस तू, लिहिलंस तू, सही तुझी. मी काय केलो?”

“तू काय बी केलं नाहीस. जेव.”

“परमनंट करायलेत मला जूनमध्ये,” तो ताटाकडं बघत म्हणाला. “दादांना कळवलोय मी गावाकडं.”

तारामतींनी त्याला भाजी वाढली. ताट उचललं गेल्यावर त्यांनी ट्रंकेतून पासाचा कागद काढला.

सुनावणीच्या दोन दिवस आधी त्या खाडीत उतरल्या. एकट्या, सुधीरला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काम सोडून निघता येत नव्हतं. सूरिबाबूला त्यांनी दिब्ब्याकडं न नेता आधी उत्तरेला न्यायला सांगितलं. तिथं पूर्वी पक्ष्यांच्या बसायच्या आणखी दोन-तीन जागा होत्या. तारामतींनी त्या वर्षानुवर्षं पाहिल्या नव्हत्या. दिब्बा सापडल्यावर गरज वाटली नव्हती.

खारफुटीचं जंगल काठानं तसंच उभं होतं. पण त्याची जाडी एका झाडाची राहिली होती. त्यामागं उजेड दिसत होता, आणि उजेडात मातीचे उंच बांध, बांधांच्या आत हिरवट पाण्याचे चौकोन, एकाला लागून एक, नजर जाईल तिथवर. पंप घरघरत होते. चुन्याचा आणि सडलेल्या कशाचा तरी वास येत होता. पाण्यावर आडव्यातिडव्या दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांना कॅसेटची जुनी फीत बांधलेली होती. वाऱ्यानं ती गुणगुणत होती. एका बांधावर माणूस बसला होता. होडी दिसल्यावर त्यानं हात केला आणि मग सवयीनं एक फटाका पेटवून आकाशात टाकला. आकाशात काही नव्हतं.

“दुसरी जागा?”

“तीही अशीच, अम्मा.”

“दक्षिणेला?”

“तिकडं आमचीच सगळी.” सूरिबाबू वल्हं मारायचा थांबला. “तुम्ही कधी विचारलं नाही.”

ते खरं होतं.

दिब्ब्यावर गर्दी जानेवारीपेक्षाही दाट होती. परतीचा प्रवास तोंडावर आला होता. एरवी या दिवसांत पक्षी खाऊन खाऊन गोल झालेले असतात; समुद्र आणि डोंगर ओलांडायला लागणारी सगळी चरबी त्यांना याच चिखलात मिळवावी लागते. तारामती चालत गेल्या. पक्षी उडाले नाहीत. कडेला एक तुतारी पंख टाकून बसली होती. त्यांनी वाकून ती उचलली. तिनं धडपड केली नाही. तळहातावर काडेपेटीएवढंच वजन होतं आणि पिसांखाली छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. फटाक्यांनी उठायचं, उडत राहायचं, इथं येऊन दाटीत उभं राहायचं, ओहोटीला सगळ्यांनी मिळून त्याच तेवढ्या चिखलात चोच घालायची. ओळख वगैरे काही नव्हती. त्यांच्यात उडायचं त्राण नव्हतं.

तुतारी थोड्या वेळानं हातातच मेली. तारामतींनी ती खारफुटीच्या मुळांत ठेवली आणि हात खाडीच्या पाण्यात धुतले.

सुनावणी गावातल्या तुफान निवाऱ्यात झाली. चक्रीवादळ आलं की अख्ख्या गावानं जीव वाचवायला चढायचं, अशी खांबांवर उभी काँक्रीटची इमारत. तिथं मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ओमकार टाय सैल करून थंड बाटल्या वाटत होता. आत्याला पाहून तो दचकला नाही. त्यानं पंख्याखालची खुर्ची सरकवून दिली आणि बाटली उघडून हातात ठेवली. “इथं बस. ऊन लागंल.”

बहुतेक लोक कामाविषयी बोलले. किती जणांना घेणार, रोज काय देणार. एका म्हातारीनं विहिरीचं पाणी खारट झाल्याचं सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं. मग जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं फायलीतून पत्रिकेचं पान काढलं. तो तरुण होता, सभ्य होता आणि त्याला घाई नव्हती.

“हे ज्यांनी लिहिलं त्या बाई आलेल्या आहेत असं कळलं.”

तारामती उभ्या राहिल्या.

“अम्मा, हा आकडा तुमचा?”

“माझा.”

“बरोबर आहे?”

“तीनदा मोजलाय, सार.”

“म्हणजे आजूबाजूला तळी झाल्यानंतर पक्षी वाढले.”

“वाढले नाहीत. जमा झाले.” त्यांची तेलुगू ऑफिसातली होती, फोनवर डब्यांचे आकडे घेण्यापुरती धारदार. “बाकीच्या जागा गेल्या म्हणून सगळे इथं येऊन उभे राहिलेत. पुढं लाईन बंद झाली की मागचं यार्ड भरतं. भरलेलं यार्ड बघून कुणी धंदा वाढला म्हणत नाही. ही जागा घेतली तर त्यांना उभं राहायला जागा नाही. कुठंच.”

अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. पेन हातात तोलत तो म्हणाला, “म्हणजे मी असं लिहू का अम्मा, की पक्षी वाढले हा पक्षी कमी झाल्याचा पुरावा आहे?”

सभा हसली. तसं ऐकल्यावर ते हसण्यासारखंच होतं. खुद्द तारामतींच्याही ते लक्षात आलं.

“तसंच लिहा,” त्या म्हणाल्या.

आता सभा मनमोकळी हसली. मागून कुणीतरी ओरडलं, “आमचा पगार पण असाच वाढवा, सार!” अधिकारीही हसला आणि त्यानं लिहिलं. काय लिहिलं ते नंतर ओमकारनं सांगितलं: आकडा बरोबर असल्याचं मोजणाऱ्या बाईंनी स्वतः मान्य केलं. हसला नाही तो एकटा ओमकार. तो रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत होता आणि एकेक बाटली आवाज न होईल अशी ठेवत होता.

मे महिन्याच्या अंकात सुधीरनं खुलासा छापला. तोवर मंजुरी आली होती.

जूनमध्ये ओमकार कायम झाला. पेढ्यांच्या खोक्याबरोबर त्यानं एक नकाशाही आणला आणि तो जमिनीवर पसरला. “हे बघ. पाखरांसाठी एक कोपरा सोडायला लावलो मी. सायबाशी भांडलो आत्या, खरंच. पाटी लावणार तिथं. तुझा आकडा बी लिहिणार हायत त्यावर.”

तारामती चष्मा लावून खाली बसल्या. कोपरा त्यांनी लगेच ओळखला. पंपघराच्या मागचा, खाडीकडं उतरणारा.

“हा भरतीत बुडतो.”

“पूर्ण?”

“घोट्याच्या वर.”

ओमकारनं नकाशाकडं पाहिलं. “पण भरती तर दोन-तीन तासच असती न?”

“त्यांना तेवढाच वेळ जागा पाहिजे असती.”

तो बराच वेळ नकाशाची घडी घालत राहिला. घडी नीट पडत नव्हती. तारामतींनी एक पेढा अर्धा करून त्याच्या हातावर ठेवला, अर्धा स्वतः खाल्ला आणि खोकं शेजारी द्यायला उचललं. त्यानंतर ओमकारनं टाय बांधताना आरशासमोर थांबणं सोडलं.

नोव्हेंबरात अवसेच्या भरतीला त्या गेल्या. सूरिबाबू होडीवर नव्हता. दुसऱ्याच एकानं त्यांना नेलं. सूरिबाबू त्यांना भेटला तो दिब्ब्यावरच. दिब्बा आता नुसता पत्त्यापुरता होता. त्याच्या जागी चार बांध आणि चार तळी होती, वर दोऱ्यांचं जाळं. सूरिबाबूच्या गळ्यात शिट्टी आणि मांडीशी फटाक्यांची पिशवी. डोक्यावर तारामतींची छत्री.

“अम्मा, तुम्ही आहात तोवर मी काही लावत नाही,” तो उठून म्हणाला.

“तुझी नोकरी आहे. लाव.”

“नाही लावत.”

कोपऱ्यात पाटी उभी होती आणि तिच्या खांबावर घोट्याच्या वर भरतीच्या पाण्याची खूण होती. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत पक्ष्यांचं स्वागत केलं होतं. खाली आकडा होता, तोच, वीस हजारांच्या वरचा.

पाणी चढत गेलं. आधी लांबचा चिखल गेला, मग जवळचा, मग खारफुटीची मुळं. आणि समुद्राच्या बाजूनं ते आले. नेहमीसारखे, धुरासारखे, वळताना एकदम पांढरे होत. सैबेरियाहून येऊन त्यांना फार तर आठवडा झाला असेल. ते सरळ दिब्ब्यावर आले, उतरायला खाली वळले आणि दोऱ्यांच्या वर येऊन उचलले गेले. पुन्हा फिरून आले. पुन्हा उचलले गेले. काही बांधाच्या उतारावर टेकायला गेले. ओल्या मातीवरून घसरले आणि उडाले. सूरिबाबूनं एकही फटाका लावला नाही. त्याची गरजच नव्हती. डोक्यावर पंखांचा एकसारखा आवाज होत होता आणि त्यात हाक नव्हती. एरवी उतरताना हे पक्षी फार बोलतात.

तारामतींनी हात लांब केला आणि अंगठा उभा धरला. अंगठ्याखालचे पक्षी क्षणभर अंगठ्याखाली असत आणि मग नसत. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. थवा फिरत राहिला. एखादा मधूनच सुटून खाली येई, तळ्यात पडे, आणि सूरिबाबू लांब काठीनं त्याला जाळीबाहेर काढायला जाई. भरती पुरी चढायच्या आतच थवा वर गेला, एकदा दिब्ब्यावरून आडवा झाला आणि दक्षिणेला निघून गेला. त्या बाजूला तळीच होती, आणि त्यापुढं समुद्र.

हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी खाली घेतला.

काकिनाड्यात स्टेशनासमोरच्या बूथवरून त्यांनी सुधीरला फोन लावला. तो वाटच बघत होता.

“बाई, किती?”

“बसले नाहीत.”

“बसलेच नाहीत? मग उडते अंदाजानं सांगा. काहीतरी लिहायला हवं ना.”

“चालते डबे आपण धरत नाही, सुधीर. पुढच्या यार्डाच्या खात्यात जातात.”

“पुढचं यार्ड म्हणजे कुठलं?”

“दक्षिणेला गेले. तुझ्या ओळखीचे आहेत ना तिकडं मोजणारे? खालच्या किनाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळवून ठेव. कुणाकडं उतरले तर मला सांग.”

सुधीरनं सगळ्यांना पत्रं टाकली. एप्रिलपर्यंत कुणाकडूनही उतरल्याचं उत्तर आलं नाही.